गोंदण दिसले पाहिजे

मराठी समीक्षेत प्रकाश हा नेहमी सज्जनच असतो. ग्रंथ एखाद्या विषयावर 'प्रकाश टाकतो', उपेक्षित कवी 'प्रकाशात येतो', हस्तलिखित 'उजेडात आणले' जाते आणि पुस्तक तर 'प्रकाशित'च होते. अंधाराच्या वाट्याला मात्र अज्ञान, विस्मृती आणि अन्याय एवढेच शब्द आलेले आहेत. वर्गात मराठी शिकवताना हे वाक्प्रचार मीही सर्रास वापरतो; त्यावाचून चालत नाही. पण माणसांची छायाचित्रे काढण्याचा जो छंद गेली काही वर्षे जडला आहे, त्याने या सज्जनपणाविषयी माझ्या मनात एक शंका निर्माण केली. प्रकाश वस्तू दाखवतो हे खरे. पण तोच प्रकाश चुकीच्या दिशेने आला तर वस्तू झाकतोही, आणि झाकताना ती उजळल्याचा आभास निर्माण करतो. अंधाराने झाकलेले निदान झाकलेले आहे हे आपल्याला कळते. प्रकाशाने झाकलेले कळतही नाही.

छायाचित्रणात या प्रकाराला 'फ्लेअर' म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. स्टुडिओतली माणसे 'लाइट मारतोय' एवढेच म्हणतात, आणि ते पुरेसे नेमके आहे. समोरच्या माणसावरून परावर्तित होऊन लेन्समध्ये यावा तो प्रकाश चित्राचा. पण दिव्यापासून, सूर्यापासून किंवा फ्लॅशपासून जो थेट लेन्सच्या काचेवर आदळतो, तो चित्राचा नसतो. तो आत शिरतो, भिंगांच्या पृष्ठभागांवरून मागेपुढे आपटत राहतो आणि शेवटी चित्रावर जाऊन पसरतो. कधी त्याचे पंचकोनी, षटकोनी ठिपके दिसतात (अ‍ॅपर्चरच्या पात्यांचा तो आकार असतो, आणि इंग्रजीत त्यांना चक्क 'भुते' म्हणतात), तर कधी ठिपका वगैरे काही न दिसता सबंध चित्रावर एक फिकट पडदा चढतो. भुते निदान दिसतात. हा पडदा अधिक धोक्याचा, कारण त्याला आकार नसतो.

याचे कारण काचेच्या स्वभावातच आहे. साध्या, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. ४ टक्के म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण सहा भिंगांच्या साध्या लेन्समध्येही हवेला लागून असलेले दहाएक पृष्ठभाग असतात, आणि प्रत्येकाने आपले ४ टक्के कापून घेतले की आलेल्या प्रकाशाचा सुमारे एक तृतीयांश भाग वाटेतच अडतो. हा अडलेला भाग सगळाच बाहेर जात नाही. त्यातला काही आतल्या आत भटकत चित्रापर्यंत पोचतो. यावरचा उपाय कसा सापडला तेही सांगण्यासारखे आहे. १८९२ च्या सुमारास डेनिस टेलर या इंग्रज भिंगकाराच्या लक्षात आले, की जुनी, हवामानाने डाग पडलेली भिंगे नव्या कोऱ्या भिंगांपेक्षा अधिक प्रकाश आत सोडतात. काचेवर चढलेला मलिन थर परावर्तन कमी करत होता! पुढे १९३५ साली कार्ल झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर मुद्दाम पातळ लेप चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. असा लेप साधारण एका मिलिमीटरच्या दहाहजाराव्या भागाइतका जाड असतो. लेन्सकडे तिरके पाहिले की जी जांभळी-हिरवी झाक दिसते ती त्याचीच. आजच्या लेन्सवर असे अनेक थर असतात आणि परावर्तन अर्ध्या टक्क्याच्याही खाली येते. तरीही फ्लॅश थेट काचेवर मारला तर हे सगळे थर तोकडे पडतात.

फ्लॅश हा यातला विशेष खोडकर दिवा. सूर्य समोर असला तर लेन्समधून पाहतानाच पडदा चढलेला दिसतो. आपण दोन पावले सरकतो, हाताची सावली धरतो. फ्लॅशचा प्रकाश सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वेळ टिकतो. कळ दाबण्यापूर्वी तो नसतोच, म्हणून त्याने होणारा बिघाडही आधी दिसत नाही. मोठ्या स्टुडिओतल्या दिव्यांमध्ये त्यासाठी एक लहान, सतत जळणारा बल्ब बसवलेला असतो. तुमच्या-माझ्यासारख्यांच्या पिशवीत मावणाऱ्या फ्लॅशमध्ये बहुधा ती सोय नसते.

मग फ्लॅश लेन्सकडे तोंड करून ठेवायचाच कशाला, असा प्रश्न वाचक विचारतील. त्याचे उत्तर व्यक्तिचित्राच्या गरजेत आहे. काळेभोर केस, सावळा वर्ण आणि मागे अंधारी भिंत असे असेल, तर नुसत्या समोरच्या दिव्याने माणूस भिंतीत विरघळून जातो. त्याला भिंतीपासून सोडवण्यासाठी मागून, थोड्या वरून, एक दुसरा दिवा लागतो. त्याने केसांच्या, खांद्याच्या, पदराच्या कडेला एक उजळ रेघ उमटते आणि माणूस पुढे येतो. पण मागचा दिवा म्हणजे कॅमेऱ्याकडे तोंड केलेला दिवा. माणसाला सोडवणारा प्रकाश आणि त्याच्यावर पडदा टाकणारा प्रकाश एकाच ठिकाणाहून येतो. दोघांमधले अंतर कधीकधी वीतभर असते.

ते अंतर राखण्याचे उपाय फारसे खर्चिक नाहीत. लेन्सला हूड लावावे. ते नेहमीच लावावे. लेन्सवर संरक्षणासाठी म्हणून लावलेला फिल्टर अशा वेळी काढून ठेवावा, कारण तो आणखी दोन पृष्ठभाग वाढवतो. काच स्वच्छ असावी. बोटाचा तेलकट ठसा, धूळ आणि विशेषतः कोकणातल्या दमट हवेत भिंगांच्या आत चढणारी बुरशी प्रकाश विखुरण्याचे काम चोख करतात. मागच्या फ्लॅशच्या तोंडाला मधाच्या पोळ्यासारखी जाळी बसवली की त्याचा झोत अरुंद होतो आणि लेन्सपर्यंत पोचत नाही. जाळी नसेल तर शीतपेयाच्या काळ्या नळ्या कापून एकमेकींना चिकटवल्या तरी काम भागते. आणि सगळ्यांत साधा उपाय म्हणजे काळा पुठ्ठा. मदतनिसाने फ्लॅशच्या जागी मोबाइलचा टॉर्च धरावा. आपण कॅमेऱ्याच्या पुढे येऊन लेन्सच्या काचेकडे पाहावे. काच चमकत असेल तर प्रकाश तिथे पोचतो आहे. मग तळहात पुढेमागे सरकवत काचेवर सावली पडेल अशी जागा शोधावी आणि त्या जागी, चित्राच्या चौकटीत येणार नाही अशा बेताने, पुठ्ठा उभा करावा. दिवा अदृश्य असतानाच त्याची वाट अडवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

पांढऱ्या पार्श्वभूमीचा फ्लेअर मात्र पुठ्ठ्याने अडत नाही, कारण तिथे सबंध भिंतच दिवा झालेली असते. पासपोर्टच्या छायाचित्रात कानांच्या पाळ्या आणि केसांच्या कडा विरल्यासारख्या दिसतात, त्याचे एक कारण हेच. माणूस भिंतीला टेकून बसवलेला असतो आणि भिंतीवर गरजेपेक्षा कितीतरी जास्त उजेड सोडलेला असतो. माणसाला भिंतीपासून पाच-सहा फूट पुढे घ्यावे आणि भिंत चेहऱ्यापेक्षा किंचितच उजळ ठेवावी, म्हणजे पुष्कळ काम होते.

आता ज्या प्रसंगाने हे सारे तंत्र माझ्यासाठी तंत्रापुरते उरले नाही, तो सांगतो. आमच्या मराठी विभागातर्फे जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या स्त्रियांच्या ध्वनिमुद्रणाचे काम चालू होते. त्या निमित्ताने माण तालुक्यातल्या एका गावी ऐंशीच्या घरातल्या एका आजींकडे गेलो होतो. ओव्या झाल्या, चहा झाला, आणि मग त्यांचे एक चांगले छायाचित्र घ्यावे असे ठरले. धुराने काळवंडलेली स्वयंपाकघराची भिंत, पुढे हिरव्या लुगड्यातल्या आजी. डाव्या बाजूला पांढऱ्या छत्रीतून एक फ्लॅश आणि उजव्या अंगाला, मागे, फळीवर दुसरा. विद्यार्थ्यांना फरक दाखवता यावा म्हणून अशा वेळी मी दोन चित्रे नेहमीच घेतो. एक पुठ्ठा लावून, एक पुठ्ठा काढून. तशी घेतली आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवली.

आजींचा नातू पुण्यात शिकतो. त्याला पुठ्ठ्याविना घेतलेले चित्र एकदम पसंत पडले. "सर, हा भारी आलाय. एकदम पिक्चरसारखा. आजी, बघ कशी उजळ दिसतीयास!" खरोखरच त्या चित्रात एक मोहक धूसरता होती. आजींनी चष्मा लावला, पडदा डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ पाहिले. मग विचारले, "ह्यात माझं गोंदण कुटं गेलं?"

मी पाहिले. कपाळावरचे तीन ठिपके आणि हनुवटीवरचा एक, दोन्ही दिसत नव्हते. दुसऱ्या चित्रात ते स्पष्ट होते. सात वर्षांच्या असताना गोंदणारणीने ते गोंदले, तेव्हा आईने दोन्ही हात धरून ठेवले होते आणि त्या आठवडाभर तापाने फणफणल्या होत्या, असे आजींनी सांगितले. नंतर म्हणाल्या, "दागिनं काढून घेत्यात बाळा. लुगडंबी आपलं नसतंय. गोंदण तेवढं संगट येतं." ही समजूत महाराष्ट्रात सर्वदूर आहे हे मी पुस्तकात वाचले होते, कुणाच्या तोंडून स्वतःविषयी ऐकण्याची वेळ पहिलीच.

नातवाला मी समजावू लागलो, की आजी सावळ्या आहेत तर चित्रातही सावळ्याच दिसल्या पाहिजेत, उजळपणाचा हा सोस बरा नव्हे. प्राध्यापकाच्या तोंडी शोभावे असेच ते भाषण होते. आजींनीच ते मध्ये थांबवले. "उजळ आलं तर येऊ दे की. कुणाला नगं हाय? पर गोंदण दिसाय पायजे."

परतीच्या प्रवासात मी या वाक्याचाच विचार करत होतो. मी सत्य आणि सौंदर्य अशी दोन टोके मांडून बसलो होतो, आणि आजींनी ती मांडणीच नाकारली होती. त्यांना उजळपणा हवा होता. गोंदणही हवे होते. ही मागणी विसंगत आहे का? प्रकाशाचे गणित सांगते, की मुळीच नाही.

समजा, आजींच्या कपाळाकडून लेन्समध्ये १० एकक प्रकाश येतो आणि गोंदणाच्या ठिपक्याकडून ६ एकक. डोळ्याला फरक जाणवतो तो या दोहोंच्या गुणोत्तरामुळे, आणि ते आहे सुमारे १.७. आता फ्लेअरने सबंध चित्रावर २० एककांचा पडदा चढवला. कपाळ झाले ३०, गोंदण झाले २६. गुणोत्तर उरले सुमारे १.१५. कपाळ तिप्पट उजळ झाले. पण गोंदण आणि कपाळ यांतला भेद जवळजवळ संपला. आजींच्या पांढऱ्या केसांवर २०० एकक प्रकाश असेल तर त्याचे २२० झाले. तिथे कुणाला काही कळणारही नाही. म्हणजे पडद्याचा घाव उजळ भागाला लागत नाही. गडद भागाला, आणि गडद भागातल्या सूक्ष्म भेदांना लागतो. गोऱ्या चेहऱ्यावरचा फ्लेअर गंमत वाटतो आणि सावळ्या चेहऱ्यावरचा फ्लेअर चेहराच पुसून टाकतो, त्याचे कारण या साध्या बेरजेत आहे. नंतर संगणकावर काळेपणा वाढवून पडदा काहीसा उतरवता येतो. परंतु तो सगळीकडे सारखा चढलेला नसतो, आणि गडद भागात मागे उरणारी रवाळ खरखर ठिपक्याएवढ्या तपशिलाला गिळून टाकते.

आता दुसरा मार्ग पाहा. पुठ्ठा जागेवर आहे, आणि समोरचा फ्लॅश दुप्पट केला. कपाळाचे १० चे २० झाले, गोंदणाचे ६ चे १२. दोन्ही उजळले आणि गुणोत्तर मात्र होते तेच राहिले. उजळपणा गुणाकाराने आला तर भेद टिकतो; बेरजेने आला तर भेद बुडतो. आजींनी मागितले होते ते नेमके हेच. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तसेच चित्र घेतले: मागचा दिवा होता तेवढाच, समोरचा दुप्पट. नातवालाही ते आवडले, मात्र 'पिक्चरसारखे' नाही असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले.

नातवाच्या आवडीला मी नावे ठेवणार नाही. तिच्यामागे मोठी परंपरा आहे. एके काळी सिनेमात फ्लेअर ही छायालेखकाची नामुष्की समजली जाई. १९६७ च्या 'कूल हँड ल्यूक'मध्ये कॉनरॅड हॉल यांनी उन्हाची तिरीप बेधडक लेन्सवर येऊ दिली, आणि पुढे तीच उष्म्याची, मोकळेपणाची, 'इथे खरा कॅमेरा होता' या भावनेची खूण झाली. २००९ च्या 'स्टार ट्रेक'मध्ये तर जे. जे. अब्राम्स यांनी ती इतकी वापरली, की तिची थट्टा झाली. आज मोबाइलमधल्या अ‍ॅपने नसलेली तिरीपही चित्रावर चिकटवता येते. याउलट आपल्याकडे 'अपराजितो' (१९५६) या चित्रपटासाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी बनारसच्या घराच्या सेटवर दिव्यांचा उजेड थेट न सोडता पांढऱ्या कापडावर आपटवून मऊ केला, तो आठवतो. दोन्ही ठिकाणी प्रकाश हाच नायक आहे. प्रश्न एवढाच, की तो पात्रांच्या वाट्याला किती आला आणि कॅमेऱ्याच्या वाट्याला किती.

सावळ्या रंगाविषयीचा आपला गोंधळही इथे आठवल्यावाचून राहत नाही. सात-आठशे वर्षे मराठी कविता एका सावळ्या देवाचे रूप वर्णन करण्यात रमलेली आहे, आणि लग्नाच्या अल्बममध्ये मात्र सावळी नवरी मिळणे दुर्मीळ. यात सगळा दोष स्टुडिओवाल्यांचा नाही. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांना रंग जुळवण्यासाठी कोडॅककडून जी नमुनाचित्रे मिळत, त्यांवर दीर्घकाळ गौरवर्णी स्त्रीच असे. गोरी त्वचा हे माप धरून यंत्रे जुळवली, की सावळी त्वचा ही 'अडचण' होते आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे जादा उजेड. तो कुठून आणि कसा सोडायचा याचा विचार मागे राहतो.

मी मराठीचा माणूस असल्यामुळे शेवटी या गणिताची गाडी व्यक्तिचित्रावर, म्हणजे शब्दांतल्या व्यक्तिचित्रावर, येणे अपरिहार्य आहे. आपल्याकडे हा वाङ्मयप्रकार बहरला आहे, आणि त्याच्या नावाखाली गौरवांकांतून, षष्ट्यब्दीच्या ग्रंथांतून, श्रद्धांजलीच्या लेखांतून जे लिहिले जाते ते बहुतांशी फ्लेअरच असते. 'ऋषितुल्य', 'निगर्वी', 'चालतेबोलते विद्यापीठ' ही विशेषणे कुठल्याही माणसावर सारखीच पसरतात. बेरीज सगळीकडे सारखी, म्हणून गुणोत्तर संपलेले. लेख वाचून झाल्यावर माणूस उजळलेला असतो खरा, पण त्याच्या कपाळावरचे ठिपके सापडत नाहीत. तो वर्गात खडू मोडून दोन तुकडे का करत असे, पगाराच्या दिवशी कुणाला टाळत असे, कुठल्या विद्यार्थ्याविषयी त्याच्या मनात शेवटपर्यंत अढी होती, हे सर्व त्या पडद्याखाली गेलेले असते. आणि बहुतेकदा तो दिवा असतो लेखकाचा स्वतःचा, त्याच्या भक्तीचा, त्याच्या हळवेपणाचा. तो विषयावर पडण्याऐवजी सरळ काचेवर पडलेला असतो.

व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (१९४९) या पुस्तकाकडे मी अलीकडे या दृष्टीने पुन्हा वळलो. त्या माणसांविषयी लेखकाला ममत्व नाही असे कोण म्हणेल? ते जागोजागी आहे. पण ते माणसांच्या पाठीमागून येते, त्यांच्या कडा उजळवते आणि आपल्या डोळ्यांवर येत नाही. कुठेतरी एक काळा पुठ्ठा उभा आहे, चौकटीच्या जरा बाहेर, म्हणून आपल्याला तो दिसत नाही. या संयमाला आपण 'तटस्थता' म्हणतो, पण तो शब्द मला आता पुरेसा वाटत नाही. तटस्थ माणूस मागचा दिवा लावणारच नाही. इथे दिवा लावलेला आहे, आणि त्याची वाट राखलेली आहे.

येत्या मे महिन्यात आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त होत आहेत. त्यांच्या गौरवांकासाठी मला लेख मागितला आहे, आणि माणूस तर मला अतिशय प्रिय आहे. म्हणजे मागचा दिवा आधीच लागलेला आहे. तो विझवण्याची माझी इच्छा नाही, आणि त्यांना थोडे उजळ दाखवायलाही माझी हरकत नाही. लेखाचा पहिला परिच्छेद लिहून झाला आहे. त्यातली तीन विशेषणे आज सकाळी काढून टाकली आणि त्यांच्या जागी, हजेरीपटात नाव चुकलेल्या मुलीची ते प्रत्येक तासाला नव्याने कशी क्षमा मागत, ते एक वाक्य लिहिले. तेवढे वाक्य त्यांना आवडेल की नाही, हे लेख त्यांच्या हाती पडल्यावरच कळेल.